इंजिन बसलं, कर्म कुणाचं?

यवतमाळच्या उन्हाळ्यात पारा ४४ च्या पुढे सरकला की पांढरकवड्याच्या किंवा उमरखेडच्या रस्त्यावर बॉनेट उघडून उभी असलेली एमएच-२९ गाडी दिसणं नवलाचं राहत नाही. बहुतेक गाड्या तासभर सावलीत थांबून, रेडिएटरमध्ये पाणी घालून पुढे जातात. काही मात्र टोचन करून आणाव्या लागतात, आणि मिस्त्री डिपस्टिक काढून, बोटांत ऑइल चोळून पाहतो आणि दोनच शब्द बोलतो: इंजिन बसलं. गाडी पाच वर्षांची असली तर कर्जाचे हप्ते कधी कधी अजून चालू असतात. विमा कंपनीकडे जाण्यात अर्थ नसतो, कारण नेहमीच्या पॉलिसीतून झीज आणि यांत्रिक बिघाड आधीच वगळलेले असतात. उरतात दोन वाक्यं. एक सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरचं, ‘वॉरंटी संपली आहे’. दुसरं घरातल्या थोरांचं, ‘आपल्या नशिबात होतं’. पहिलं व्यापाराच्या भाषेतलं, दुसरं धर्माच्या. दोन्ही एकच काम करतात. ‘हे का झालं आणि कुणामुळे झालं’ हा प्रश्न दोन्ही वाक्यांनंतर विचारायचा राहून जातो. मला वाटतं, या दोन्ही वाक्यांना ज्या विचाराचा आधार आहे असं आपण समजतो, तो कर्माचा विचार खरं तर दोन्हींच्या विरुद्ध साक्ष देतो.

नशिबाचं वाक्य आधी घेऊ, कारण ते आपलं आहे आणि त्याला धर्माची मान्यता आहे असं आपण धरून चालतो. दसऱ्याला जिच्या बॉनेटवर झेंडूचा हार चढतो, नवी असताना चाकाखाली लिंबू ठेवून जिला शोरूममधून बाहेर काढतात, ती गाडी घरच्या देवाधर्मात सामील झालेली असते. मग तिचा हिशेबही देवाच्या वहीत जमा होतो. यात कृतज्ञता आहे आणि ती मला खटकत नाही. खटकतं ते एवढंच, की पूजेच्या जोडीने कारणांची चौकशीही देवावर सोपवली जाते. कर्मसिद्धांताला हे मान्य नाही. भारतीय दर्शनांत एखादं मत खोडायचं असेल तर त्यावर दोन दोष दाखवण्याची जुनी रीत आहे: कृतप्रणाश आणि अकृताभ्यागम. केलेल्या कर्माचं फळ न देताच ते नाहीसं होणं हा पहिला दोष. जे कर्म आपण केलंच नाही त्याचं फळ आपल्या गळ्यात पडणं हा दुसरा. नैयायिकांनी हे हत्यार देह हाच आत्मा मानणाऱ्यांवर वापरलं, जैन आचार्य हेमचंद्रांनी बौद्धांच्या क्षणिकवादावर वापरलं. एकमेकांशी जन्मभर भांडणाऱ्या या पंथांचं एका गोष्टीवर एकमत होतं: ज्या व्यवस्थेत करणारा सुटतो आणि न करणारा भोगतो, ती व्यवस्था चुकीची असली पाहिजे. आता कारखान्यात क्रँकशाफ्ट कापताना लोखंडाचा कीस आत राहिला आणि त्यामुळे पाच वर्षांनी दारव्ह्याच्या एका शिक्षकाच्या गाडीचं इंजिन जाम झालं असं समजा. वॉरंटीच्या अखेरच्या रात्री बारा वाजता कारखान्याचं कर्म फळ न देता नाहीसं झालं, आणि शिक्षकाने न केलेल्या कर्माचं फळ त्याच्या दारात आलं. दोन्ही दोष एकाच बिलावर.

यावर श्रद्धावान माणूस म्हणेल, नेमकी तीच गाडी त्याच्या वाट्याला यावी हे त्याचं प्रारब्ध. हरकत नाही, तेवढं मान्य करूनही कारखान्याची सुटका होत नाही. खून झालेल्या माणसाचं आयुष्य प्रारब्धाने संपलं असं मानणारा न्यायाधीशही खुन्याला सोडत नाही, कारण मरणाऱ्याचं प्रारब्ध आणि मारणाऱ्याचं क्रियमाण, म्हणजे आत्ता केलेलं कर्म, ही दोन वेगळी खाती आहेत. बुद्धाने तर प्रारब्धाचं खातंच आवरतं घेतलं होतं. संयुत्त निकायात सीवक नावाचा परिव्राजक त्याला विचारतो, की माणसाला जे सुखदुःख होतं ते सगळं पूर्वकर्मामुळेच होतं असं काही जण म्हणतात, ते खरं का? बुद्ध पित्त, कफ, वात, ऋतुबदल, निष्काळजी वागणूक, बाहेरून झालेला आघात अशी कारणं एकामागून एक मोजतो आणि कर्म हे त्या यादीतलं केवळ एक कारण ठरवतो. सगळं कर्मावर टाकणारे प्रत्यक्ष अनुभव ओलांडून बोलतात, असा त्याचा निर्वाळा आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली निघालेल्या ग्रंथात डॉ. आंबेडकरांनी हाच धागा पुढे नेला: गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत समाजाला आणि राज्याला गरिबांच्या स्थितीची जबाबदारी झटकायला सोयीचा पडतो, हे त्यांनी स्पष्ट मांडलं. नशिबाचं वाक्य उच्चारणारा माणूस सोसणारा असतो, पण त्या वाक्याचा नफा दुसरीकडे जमा होतो. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर कुणी ग्राहकाला कर्मसिद्धांत शिकवत नाही. तशी गरजच पडत नाही, तो घरून शिकून आलेला असतो.

आता वॉरंटीचं वाक्य. त्याचा सगळा जोर काळावर आहे: इतका काळ लोटला, आता संबंध तुटला. आपल्याकडे तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, जे आधी होईल ते, अशा धाटणीच्या मुदती असतात. कंपनीप्रमाणे आकडे बदलतात. क्रिया आणि फळ यांच्यात अंतर पडलं म्हणजे नातं तुटतं का, या प्रश्नावर मीमांसकांनी पिढ्यानुपिढ्या डोकं चालवलं आहे. यज्ञ आज झाला, संपला, राख थंड झाली. स्वर्ग मात्र मरणानंतर मिळायचा. मधल्या काळात फळाला धरून ठेवणारं काय? त्यांनी ‘अपूर्व’ नावाची एक अदृश्य शक्ती कल्पिली आणि कुमारिलभट्टाने तिची बारकाईने मांडणी केली. आजच्या माणसाला अपूर्व पटो न पटो, त्यामागची अडचण खरी आहे. उशिरा येणारं फळ हे पहिल्या क्रियेचंच असतं, आणि मधला काळ कितीही शांत गेला तरी तो त्या क्रियेला पुसत नाही. मजा अशी, की इंजिनाच्या बाबतीत अपूर्व कल्पावं लागत नाही. ते ऑइलच्या वाहिनीत बसलेलं असतं. चिमटीत धरता येतं.

म्हणून इंजिन खोलणं ही मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत धार्मिक कृती वाटते. शांतपणे खोललेलं इंजिन खोटं बोलत नाही. क्रँकशाफ्टचा गुळगुळीत जर्नल आणि त्याला कवेत घेणारं बेअरिंग यांच्यात ऑइलचा केसाहूनही पातळ थर असतो; सगळं वजन, सगळे फेरे त्या थरावर तोललेले. वाहिनीत कीस अडकला की तेवढ्या भागाला ऑइल पोचत नाही, धातूवर धातू घासतो, बेअरिंग तापून निळंकाळं पडतं आणि आपल्या जागी फिरतं. अशा वेळी चेंबर उतरवला तर तळाच्या ऑइलमध्ये चकाकणारे कण दिसतात, आणि कधी तुटलेल्या कनेक्टिंग रॉडने ब्लॉकला पाडलेलं भगदाडही. दोष मालकाचा असेल तर खुणा वेगळ्या. ऑइल वर्षानुवर्षं बदललं नसेल तर झडपांच्या झाकणाखाली डांबरासारखा थर बसलेला असतो. कूलंटऐवजी बोअरचं जड पाणी भरत राहिलं तर वाहिन्यांत क्षार साचतात, गाडी हीट होते, हेड वाकडं होतं, गॅसकेट जातं आणि पाणी मिसळून ऑइल दुधाळ होतं. वणीच्या कोळसा खाणींच्या बाजूला गाडी रोज फिरत असेल आणि एअर फिल्टर कुणी काढूनच पाहिलं नसेल, तर बारीक धूळ आत जाऊन सिलिंडरच्या बोअरवर उभे ओरखडे उठतात, मग निळा धूर. टायमिंग बेल्ट बदलायची वेळ टाळली आणि तो तुटला तर अनेक इंजिनांत झडपा पिस्टनवर आदळून वाकतात. काटा लाल खुणेवर असतानाही ‘यवतमाळ तर आलंच’ म्हणून दामटलेली गाडी तर ओळखूच येते. म्हणजे कृत आणि अकृत कुणाचं, हे बऱ्याच अंशी वाचता येतं. क्वचित दोघांच्याही खुणा एकाच इंजिनात सापडतात, आणि तिथे वाटणी करावी लागते. पण वाटणी करायलाही आधी पाहावं लागतं, आणि दोन्ही ठरलेली वाक्यं नेमकं तेच टाळतात. कर्मसिद्धांत मालकालाही सोडत नाही, हे मुद्दाम सांगितलं पाहिजे. सर्व्हिस बुक कोरं ठेवून कंपनीला शिव्या घालणारा ग्राहक स्वतःचा कृतप्रणाशच मागत असतो.

ही केवळ कल्पना नाही याचं मोठं उदाहरण कोरियन आणि अमेरिकन आहे. ह्युंदाईचं थीटा-२ हे पेट्रोल इंजिन अमेरिकेत ह्युंदाई आणि किआच्या लाखो गाड्यांत बसवलेलं होतं. क्रँकशाफ्टच्या कामात राहिलेल्या धातूच्या किसामुळे ऑइल अडतं, बेअरिंग झिजतं आणि चालती गाडी बंद पडू शकते, हे कारण देऊन ह्युंदाईने २०१५ मध्ये सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा परत बोलावल्या. २०१७ मध्ये दोन्ही कंपन्यांच्या मिळून आणखी सुमारे १२ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. त्याच्या आदल्या वर्षी किम ग्वांग-हो नावाचा, पंचवीसहून अधिक वर्षं ह्युंदाईत काढलेला अभियंता कंपनीची अंतर्गत कागदपत्रं घेऊन अमेरिकेच्या वाहन सुरक्षा यंत्रणेकडे गेला होता. त्याचं म्हणणं होतं, की कंपनीला जेवढं माहीत आहे तेवढं ती सांगत नाही आणि गाड्या कमी परत बोलावते. २०२० मध्ये दोन्ही कंपन्यांशी मिळून २१ कोटी डॉलरची दंडात्मक तडजोड झाली, आणि २०२१ मध्ये किम यांना २ कोटी ४० लाख डॉलरहून जास्त बक्षीस मिळालं. ग्राहकांच्या सामूहिक दाव्यातून त्या गाड्यांच्या इंजिनाच्या खालच्या भागाला, म्हणजे आपले मिस्त्री ज्याला हाफ इंजिन म्हणतात त्याला, आजीवन वॉरंटी मिळाली. या शेवटच्या गोष्टीकडे नीट पाहायला हवं. संपलेली मुदत पुन्हा उघडली, कारण दोष मुदतीच्या आधीचा होता हे समोर आलं. मुदत हा निसर्गनियम नव्हता. कागदावरची रेघ होती, आणि पुराव्याने ती सरकली.

आपल्या जुन्या व्यवहारशास्त्राला हा भेद माहीत होता. याज्ञवल्क्य स्मृतीत विकत घेतलेल्या मालाच्या परीक्षेचे दिवस दिले आहेत: बियाण्याला दहा, लोखंडाला एक, ओझं वाहणाऱ्या जनावराला पाच, रत्नांना सात, दुभत्या जनावराला तीन. (त्याच श्लोकात दास आणि दासी यांच्या परीक्षेचीही मुदत आहे, तेव्हा स्मृतीपुढे हात जोडून उभं राहण्याची मला हौस नाही. भेद तेवढा घ्यावा.) या मुदतीत माल परखून न पटल्यास परत करता येई, पुढे तक्रार चालत नसे. पण निर्दोष माल दाखवून सदोष माल गळ्यात मारणाऱ्यासाठी नारद स्मृतीने वेगळी तरतूद केली आहे, दुप्पट किमतीची. परीक्षेची मुदत डोळ्यांना दिसू शकणाऱ्या दोषांसाठी. दडवलेल्या दोषाला ती ढाल म्हणून वापरता येत नाही. बैल पाच दिवस जुंपून कळतो. चेंबरमधला कीस पाच दिवसांत कळत नाही, कधी पाच वर्षांतही नाही. वॉरंटीचा काळ हा या अर्थाने परीक्षाकाळ आहे. त्या काळात कंपनी फारशी विचारपूस न करता खर्च उचलते, आणि तो संपल्यावर दोष कुणाचा हे दाखवण्याचा भार ग्राहकावर येतो. मुदत संपल्याने भार सरकतो एवढंच खरं. त्यातून दोषच नव्हता असा निष्कर्ष काढणं म्हणजे साक्षीदार घरी गेला म्हणून गुन्हा घडलाच नाही असं म्हणण्यासारखं आहे.

आजचा कायदा या बाबतीत अर्धवट वाटेत थांबला आहे. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याच्या कलम १६ मध्ये घेणाऱ्याने सावध राहावं हा मूळ नियम आहे आणि माल कामाचा, विकण्याजोगा असावा असे अपवाद त्यालाच जोडलेले आहेत. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने उत्पादकाच्या दायित्वाचं वेगळं प्रकरण आणलं, मात्र ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूचं नुकसान वगळलं. इंजिनामुळे माणूस जखमी झाला तर त्या प्रकरणाचा आधार. इंजिन नुसतं बसलं तर ‘सदोष वस्तू’च्या जुन्या वाटेने जायचं. दोषयुक्त गाड्या सक्तीने परत बोलावण्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून आले, तेही सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना आणि सुरक्षिततेच्या दोषांना. तरी जुनी वाट बंद नाही. ‘दोष’ या शब्दात कायद्याने उघड किंवा गर्भित करारातून अपेक्षित असलेल्या दर्जातली उणीवही धरली आहे, राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. नैतिक प्रश्न कायद्यापेक्षा मोठा आहे, हे खरं. पण अपूर्वाचा शोध घेणारी एक खिडकी कायद्याने उघडी ठेवली आहे, हेही विसरू नये.

सर्वांत वजनदार आक्षेप कराराचा आहे. ग्राहकाने मुदत वाचून सही केली, किंमत त्या मुदतीला धरूनच ठरली, हवी तर वाढीव वॉरंटीही विकत मिळत होती. आता रडगाणं कशाला? आणि कंपनीवर कायमची जबाबदारी टाकली तर ती किमतीत चढेल, मग कापूस विकून पहिली गाडी घेणाऱ्या नेर-दिग्रसच्या माणसाला तीही परवडणार नाही. दुसऱ्या भागात तथ्य आहे, म्हणून कायमची जबाबदारी मी मागतच नाही. मालकाने जितकं इंजिन वापरलं तितका भार त्याचा. दोन लाख किलोमीटर ओलांडलेल्या गाड्या आपल्या रस्त्यांवर काही कमी नाहीत. तसं इंजिन सत्तर हजारांवर कारखान्याच्या दोषाने गेलं, तर राहिलेल्या आयुष्याचा वाटा करणाऱ्याने उचलावा, एवढाच हा हिशेब आहे. कंपन्या हे करतही असतात. मुदतीनंतर खर्चाचा काही भाग सोसण्याला त्या ‘गुडविल’ म्हणतात. पण गुडविल हे दान आहे, आणि दान मागणाऱ्याच्या आवाजाप्रमाणे मिळतं. पुण्याचा ग्राहक इंग्रजीत ईमेलमागून ईमेल पाठवतो, त्याच्या पदरात काही पडतं. झरी-जामणीचा ग्राहक काउंटरवरून परत येतो. आपल्या परंपरेत ऋण आणि दान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ऋण दान म्हणून फेडणारा उलट पुण्यही पदरात पाडून घेतो. कराराबद्दल म्हणाल तर, करार ज्ञात गोष्टींवर होतो. ग्राहकाने झीज होईल हा धोका स्वीकारला होता. कीस राहिला असेल हा नव्हे, कारण तो त्याला कुणी सांगितलाच नव्हता. जाणिवेचा हा मुद्दा कंपनीच्या बाजूनेही तितकाच लागू पडतो. २००९ सालची गाडी २०११ मध्ये नवी म्हणून विकली गेल्याचं गोव्यातल्या एका ग्राहकाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, तेव्हा २०२१ मध्ये न्यायालयाने उत्पादकाला मोकळं केलं. विक्रेत्याने काय केलं ते उत्पादकाला ठाऊक होतं असं सिद्ध झालं नव्हतं. मला तो निकाल पटतो. न केलेल्या कर्माचं फळ कंपनीच्या गळ्यातही बांधू नये.

दुसरा आक्षेप वरकरणी अधिक उदात्त आहे. जे जुळवलेलं आहे ते विस्कटणार; यंत्राला अमरपट्टा नसतो; मग लोखंडासाठी एवढी ओढ कशाला? अनित्यतेचा हा उपदेश खरा आहे, पण तो कुणी कुणाला करायचा यावर त्याचं मोल ठरतं. आपण आपल्याला केला तर तो साधना होतो. देणेकऱ्याने घेणेकऱ्याला केला तर ती पळवाट होते. हप्त्याचा दिवस चुकवणाऱ्याला कोणतीही फायनान्स कंपनी अनित्यतेवर प्रवचन देत नाही. याच आक्षेपाची गीतेतली आवृत्ती अशी: फळाची आसक्ती सोड म्हटलं आहे, मग भरपाईसाठी आयोगाच्या पायऱ्या चढणं हे आसक्तीच नाही का? लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये छापलेल्या ‘गीतारहस्या’चा सगळा रोख या वाचनाच्या विरुद्ध आहे. फलाशा सोडायची, कर्म सोडायचं नाही. आणि कर्म करण्याचं एक कारण लोकसंग्रह, म्हणजे समाज सावरून धरणं. टिळकांना मानणारे लोकनायक बापूजी अणे वणीचे, आणि १९३० मध्ये याच जिल्ह्यात गवत कापून केलेल्या जंगल सत्याग्रहात ते उतरले तेव्हा कापलेल्या गवताची किंमत किती, हा प्रश्न कुणी विचारला नसेल. तक्रार करणाऱ्या एकट्याला भरपाई मिळो न मिळो, दहा तक्रारी एकाच भागाच्या, एकाच बनावटीच्या इंजिनाच्या निघाल्या तर अकराव्याची गाडी रस्त्यावर बंद पडण्याआधी परत बोलावली जाऊ शकते. रागावाचून केलेली तक्रार निष्काम असू शकते. रागाने केलेलीही उपयोगी पडते, हे मात्र गीतेत सापडणार नाही.

करणारा लांब आणि भोगणारा जवळ असला की दोष जवळच्याच्या माथी बसतो, याचा अनुभव या जिल्ह्याइतका फार थोड्यांना असेल. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो दवाखान्यांत गेले. त्यांनी मास्क लावला नाही, हातमोजे घातले नाहीत, हे स्पष्टीकरण सगळ्यात आधी पुढे आलं. दमट उन्हात, छातीएवढ्या कपाशीत ते मोजे घालून दिवसभर फवारता येतं का, हा प्रश्न मागाहून आला. २०२० मध्ये काही पीडित कुटुंबांनी थेट स्वित्झर्लंडमध्ये, बासेलला, कीटकनाशक बनवणाऱ्या तिथल्या कंपनीविरुद्ध दाद मागितली. कंपनीने जबाबदारी नाकारली. माणसाच्या जिवापुढे इंजिन काहीच नाही, दोन्हींची तुलना करण्याचा हेतूही नाही. पण ‘वापरणाऱ्याचीच चूक’ हे उत्तर चौकशीच्या आधी तयार असतं, ते दोन्हीकडे सारखंच. बियाण्याच्या बाबतीत न्यायालयाने मात्र या उत्तराला एकदा लगाम घातला होता. राष्ट्रीय बीज निगमाविरुद्ध आंध्रच्या शेतकऱ्यांनी लढवलेल्या खटल्यात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेतकरी हा ग्राहकच आहे असं ठरवलं; शिवाय तपासणीसाठी नमुना दिला नाही म्हणून त्याची तक्रार फेकता येणार नाही, कारण पेरणारा माणूस बियाणं शिल्लक ठेवत नाही, नमुना विकणाऱ्याकडे असू शकतो, असं म्हटलं. पुरावा ज्याच्या हातात सहज राहतो त्याने तो द्यावा, हा त्यातला न्याय आहे. इंजिनाच्या बाबतीत पुरावा थोडा काळ आपल्या हातात असतो, आणि आपणच तो घालवतो. नवी बेअरिंगं, नवे लाइनर, नागपूरला क्रँक ग्राइंडिंग; पंधरा दिवसांत गाडी उभी करायची घाई असते, जुने भाग भंगारवाल्याच्या तराजूत जातात आणि चेंबरमधलं ऑइल गॅरेजमागच्या मातीत. त्या ऑइलची बाटलीभर राखून ठेवणं, जुनी बेअरिंगं पिशवीत बांधून तारीख टाकणं, खोलताना फोटो काढणं, मिस्त्रीकडून दोन ओळी लिहून घेणं यात पांडित्य काही नाही. पण त्यावाचून अकृताभ्यागमाची तक्रार हवेत राहते.

आणि इथवर कंपनीला लावलेली कसोटी शेवटी मालकाकडे वळतेच. बसलेलं इंजिन जेमतेम उभं करून, जाड ऑइल घालून आवाज दाबून, दिवाळीच्या आधी गाडी काढून टाकण्याची रीत यवतमाळच्या जुन्या गाड्यांच्या बाजाराला नवीन नाही. घेणारा अनेकदा विकणाऱ्यापेक्षा गरीब असतो आणि त्याला वॉरंटी मुळातच नसते. रोमन विचारवंत सिसेरोने ‘कर्तव्यां’वरच्या आपल्या ग्रंथात ग्रीक तत्त्वज्ञांचा एक वाद नोंदवला आहे. र्‍होड्स बेटावर दुष्काळ आहे, एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन पोचला, मागून आणखी जहाजं येत आहेत हे त्याला ठाऊक आहे. त्याने ते सांगावं की चढ्या भावाने विकून मोकळं व्हावं? बॅबिलोनचा डायोजेनिस म्हणतो, कायद्याने जेवढं सांगायला लावलं तेवढं सांगावं, न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, घेणाऱ्याला कळायला हवं असं जे विकणाऱ्याला माहीत आहे, ते सगळं सांगितलं पाहिजे. सिसेरो शिष्याच्या बाजूने कौल देतो, आणि सदोष घर विकणाऱ्याचं दुसरं उदाहरण जोडून तो कौल पक्का करतो. आपल्या मालकाला दोन्ही बाजू एकाच वर्षात घ्याव्या लागतात. सर्व्हिस सेंटरमध्ये तो अँटिपेटर असतो, ओएलएक्सवर जाहिरात टाकताना डायोजेनिस. माझी फसवणूक झाली म्हणून मी पुढे सरकवतो, हा त्याचा युक्तिवाद ऐकायला केविलवाणा वाटतो, पण कर्माच्या हिशेबात तो मुळीच चालत नाही. त्याच्यावर आलेलं फळ अकृताचं होतं. जो दोष ठाऊक असून तो पुढच्याला देतो, तो दोष आता त्याने केलेला झाला. पूर्ण ब्लॉक बदलला असेल तर नवा इंजिन नंबर आरटीओत नोंदवून आरसीवर चढवावा लागतो, आणि घेणारा निदान विचारू तरी शकतो. जुनाच ब्लॉक ठेवून आतले भाग बदलून घेतले असतील तर नंबर तोच राहतो, आणि कागद पाहून कुणालाही काही कळत नाही. तिथे सांगणारा एकच उरतो.